आधी जुनी काडतुसं

अनिरुद्ध आठल्येला अर्धवट भरलेला डबा बघवत नसे. दोन बरण्यांत थोडी थोडी तूरडाळ दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. एक बरणी दुसरीत रिकामी केली, घासूनपुसून ओट्यावर उपडी घातली, की गडी खूश. आईकडून आलेली सवय, दुसरं काय! पुणं सोडून परदेशात, हॅमिल्टनला येऊन दहा वर्षं झाली होती. तिथल्या ‘ते रापा’ भागातल्या दुधाच्या कारखान्यात दिवसभर नमुने तपासायचे आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या डकवायच्या, हे त्याचं काम. पण घरी आला की हा बाबा शॅम्पूच्या बाटल्यासुद्धा एकात एक ओतणार. अशा निरुपद्रवी माणसाच्या हातून कोणाचा जीव जायची वेळ येईल, असं कोणाच्या डोक्यात तरी येईल का?

त्याची बायको कल्याणी हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत तिचा नेम पहिल्या नंबरचा होता. इथे आल्यावर ती क्लबात जाऊ लागली, आधी कागदी चकत्यांवर आणि मग हरणांवर नेम धरू लागली. सासरी फोनवर ‘कल्याणी डोंगरात फिरायला जाते’ एवढंच सांगितलं जायचं. काडतुसंही ती घरीच भरायची, गॅरेजमधल्या टेबलावर. विकतच्या काडतुसांत उन्नीस-बीस असतं, म्हणायची. आपण भरलेली प्रत्येक गोळी एकाच जागी लागते. पितळी नळी साफ करायची, तिच्यात दारू तोलून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. सगळी शिस्त औषधांची. टेबलावर एका वेळी दारूची एकच बाटली, प्रत्येक डब्यावर तारीख, आणि जुना माल संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही. अनिरुद्ध चहा घेऊन जायचा आणि दारातूनच तिचे हात बघत उभा राहायचा. खरं सांगायचं तर त्याला तिचा भारी अभिमान होता.

२००९ सालची गोष्ट. पाडवा शुक्रवारी होता. त्याच्या आधीच्या शनिवारी कल्याणी ड्यूटीवर गेली आणि अनिरुद्धने सणाची साफसफाई काढली. गॅरेजमधलं तिचं कपाट तो एरवी उघडत नसे, पण त्या दिवशी किल्ली हुकलाच लटकलेली दिसली आणि याला काय वाटलं कोण जाणे. फडकं मारून झटकन बंद करतो, असं मनाशी म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी पाडवा झाला. शनिवारी सकाळी उरलेलं श्रीखंड संपवून कल्याणी गॅरेजमध्ये गेली. सशांच्या शिकारीसाठी छोट्या रायफलची काडतुसं भरायची होती. तिने आतूनच विचारलं, छोटी बाटली कुठे गेली रे?

अनिरुद्धने मोठ्या उत्साहाने खिळे ठेवलेली बाटली आणून दाखवली. “अगं, दोन्हीत तीच काळी दारू होती. हिच्यात चार बोटं उरली होती, ती मोठीत ओतली. बाटली छान आहे, म्हणून खिळ्यांना घेतली.”

कल्याणीने काडतुसांची वही उघडून तारखा बघितल्या आणि मग ती स्टुलावर बसली. तिचा चेहरा बघून अनिरुद्धने खिळ्यांची बाटली खाली ठेवली.

तिने शांतपणे सांगितलं. दोन्ही दारू दिसायला सारख्या, पण एक सावकाश जळते आणि दुसरी भसकन. छोट्या रायफलची दारू मोठ्या काडतुसात गेली, तर रायफल नेम धरणाऱ्याच्या गालाशी फुटू शकते. साफसफाई शनिवारी झाली होती. रविवारी तिने मोठ्या बाटलीतून वीस काडतुसं भरली. बाटली महिनोन्महिने उघडली नव्हती, त्यामुळे ती थोडी जास्त भरलेली आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. ती वीसच्या वीस बुधवारी विरेमू घेऊन गेला होता.

विरेमू म्हणजे क्लबातला सत्तरीचा म्हातारा. जन्मभर रस्ते बांधले आणि सुट्टी मिळेल तेव्हा जंगल तुडवलं. कल्याणीला माग काढायला त्यानेच शिकवलं. अनिरुद्धला तो भेटला की तिथला नमस्कार, ‘किया ओरा’, म्हणून असा हात दाबायचा, की बोटं दोन दिवस दुखायची. नर हरणं माद्यांसाठी ओरडतात तो शिकारीचा मोसम सुरू झाला होता आणि तो कालच पुरिओराच्या जंगलात गेला होता. तिथे फोन लागत नाही.

तरी दोघांनी एकदा फोन लावून बघितला आणि मग गाडी काढली. दीड तासाचा रस्ता. अनिरुद्धला वाटत होतं, हिने शिव्या द्याव्यात, काहीतरी बोलावं. ती एकदाच बोलली, आणि तेही स्वतःला. किल्ली मीच बाहेर ठेवली, म्हणाली. ते ऐकून तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विरेमूचे डोळे, त्याचे ते राकट हात, त्याची नातवंडं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. देवाचं नाव न घेणारा माणूस, पण वाटेतलं ‘ते कुइती’ गाव येईपर्यंत त्याने गणपतीला काय काय कबूल केलं ते त्यालाच ठाऊक.

लाकडी पुलाजवळ, नेहमीच्या जागी, विरेमूची गाडी उभी होती. माणूस नव्हता. कल्याणीने दोनदा हॉर्न दाबला. तिसऱ्यांदा दाबणार, तेवढ्यात वरच्या रानातून गोळीचा आवाज आला.

एकच. मग सगळं सामसूम.

आवाजावरून काही कळतं का, असं त्याने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. रानात शिरायचं तर कुठून शिरायचं, आणि मोसमात असं शिरणं म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गोळीपुढे उभं राहणं. ती दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवत राहिली. अनिरुद्ध पुलाच्या कठड्याला धरून उभा होता.

पाऊण तासाने झाडीतून विरेमू बाहेर आला. खांद्यावर हरणाचं मागचं तंगडं, शर्टाला रक्त आणि तोंडभर हसू. रक्त हरणाचं होतं. अनिरुद्धने धावत जाऊन त्याला तंगड्यासकट मिठी मारली. म्हातारा गोंधळला. हॉर्न वाजवून त्यांनी सगळ्या खोऱ्यातली हरणं पळवली, अशी त्याची तक्रार होती.

कल्याणीने विचारलं, नवा डबा कुठाय. त्याने पिशवीतून काढून दिला. चिकटपट्टी जशीच्या तशी.

“माझ्याकडे गेल्या वर्षीची सहा होती,” विरेमू म्हणाला. “कॅली, तूच ना म्हणतेस, जुनी संपल्याशिवाय नवी फोडायची नाहीत? त्यातली दोन उडवली. चार आहेत अजून.”

कल्याणी तिथेच खडीवर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. घरापासून इथवर टिपूस न काढलेली बाई. विरेमूने अनिरुद्धकडे बघितलं. कल्याणी रडतारडता सांगू लागली, की चूक तिची आहे.

“नाही,” अनिरुद्ध म्हणाला. “दारू मी मिसळली. तिला माहीतही नव्हतं.” आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, खिळ्यांच्या बाटलीसकट.

विरेमूने ऐकून घेतलं. हातातली रायफल एकदा वरखाली न्याहाळली आणि दाढीवरून हात फिरवला. मग तंगड्यातला निम्मा भाग कापून त्यांच्या गाडीत ठेवला. निघताना त्याने हात दाबला तेव्हा अनिरुद्धची बोटं कडकडली. आयुष्यात इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

वाटेत त्याने डबा मांडीवर उघडला. पाच, दहा, पंधरा, वीस. परत मोजली. कल्याणी म्हणाली, अरे, किती वेळा मोजशील, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा हसली.

ती वीस काडतुसं तिने दुसऱ्या दिवशी उकलली आणि त्यांतली, मोठ्या बाटलीतली, सगळी दारू जाळून टाकली. कपाटाची किल्ली आता तिच्या गळ्यात असते. आठल्यांच्या स्वयंपाकघरात मात्र आजही तूरडाळीच्या दोन अर्ध्या बरण्या शेजारी शेजारी दिसतात. पुण्याहून अनिरुद्धची बहीण सुनीता आली होती, तिला ते बघवेना. ती एक बरणी दुसरीत ओतायला गेली, तर अनिरुद्धने तिचा हात धरला.

“राहू दे गं,” म्हणाला. “आधी जुनी संपू दे.”