तळलेला पक

आपल्या घरात आइस हॉकीचा पक आजवर फक्त एकदाच तळला गेला आहे.

आर्या, नील, तुमच्या बाबाने ही गोष्ट तुम्हाला सांगितली आणि त्यात मी दोन पक तळले असं म्हणाला, हे मला परवा फोनवर कळलं. वेलिंग्टनमध्ये माझी बदनामी अशी वाढत जाऊ नये, म्हणून खरा वृत्तान्त लिहून पाठवते आहे. पक एकच होता. (आणि तोही एकाच बाजूने तळलेला.)

दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. तुमचा बाबा तेव्हा सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा. दिवसा इथे एडिनबरात बँकेत नोकरी आणि संध्याकाळी एका हौशी आइस हॉकी संघाचा गोलकीपर. त्या वर्षी स्कॉटलंड, हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्सच्या उत्तरेकडच्या हौशी संघांनी मिळून एक लीग काढली होती. एखाद्या शनिवारी ते लोक इकडे यायचे, पुढच्या महिन्यात आपले लोक बोटीने तिकडे जायचे आणि हरून, पण चीज घेऊन परत यायचे. नाताळपर्यंत संघाने सामने जिंकले दोन. चीज मात्र माझ्या फ्रिजमध्ये मावेना.

तुमचे आजोबा त्याच उन्हाळ्यात रिटायर झाले होते. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस खिडकीत बसून रस्त्यावरच्या बसगाड्या मोजू लागला. दर थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन मला बातमी द्यायचे, "आत्ताची बस चार मिनिटं लेट होती." मी काय करणार होते त्याचं? शेवटी तुमच्या बाबाने त्यांना एक दिवस रिंकवर, म्हणजे त्यांच्या बर्फाच्या मैदानावर, नेलं. संघाचं सामान बघायला माणूस हवा होता. तीन आठवड्यांत आजोबा संघाचे साहित्यप्रमुख झाले. क्लबचं निळं जाकीट मिळालं. ते घालून ते भाजी आणायला जायचे, डेंटिस्टकडे जायचे आणि एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेला बसायला निघाले होते.

आता पक म्हणजे काय ते सांगते, कारण गोष्ट त्याच्यावर आहे. काळ्या रबराची जाड चकती. साधारण आपल्या अळूवडीएवढी. (हे वाक्य लक्षात ठेवा.) रबर उसळतं, म्हणून खेळण्याआधी पक गोठवतात. घरच्या संघाने लीगचा शिक्का असलेले बारा पक गोठवून आणायचे, असा त्या लीगचा नियम होता. शिक्का नसलेले चालणार नाहीत, न गोठवलेले चालणार नाहीत, आणि सामना अर्ध्या तासात सुरू झाला नाही तर घरचा संघ हरला असं धरणार. रिंकवरचा फ्रीझर नेमका त्या हिवाळ्यात बिघडला होता. आजोबा मोठ्या ऐटीत म्हणाले, "आमच्या घरी आहे ना." आणि पकांचा डबा माझ्या फ्रीझरमध्ये आला.

माझ्या फ्रीझरबद्दल दोन शब्द. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात तीस वर्षं कॅटलॉगिंग केलं. आइसक्रीमचे रिकामे डबे तर आपण मराठी माणसं टाकत नाही, त्यामुळे माझ्या फ्रीझरमध्ये एकसारखे चौदा डबे होते. प्रत्येकाला नंबर होता आणि दारावर लटकवलेल्या वहीत त्या नंबरासमोर नोंद होती. सात म्हणजे खोवलेला नारळ, नऊ म्हणजे मटार. असल्या व्यवस्थेत आजोबांनी आपला डबा घुसवला आणि त्याच्या पोटावर पाकिटाचा फाटका कागद तिरका चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, "पक".

मला त्या तिरक्या कागदाने झोप लागेना.

त्यातच आजोबांच्या हातून एक चूक झाली. हॉलंडला जाताना बोटीच्या रांगेत एका ट्रक ड्रायव्हरला नागपूरच्या संत्र्यांबद्दल सांगता सांगता त्यांनी हॉकी स्टिकांची बॅग धक्क्यावरच ठेवली. अख्खा संघ समोरच्यांच्या स्टिका उसन्या घेऊन त्यांच्याशीच खेळला. क्लबचे सेक्रेटरी मिस्टर मॅकी म्हणजे ओठ न हलवता बोलणारे गृहस्थ. ते आजोबांना म्हणाले, "तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण असं पुन्हा झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." आजोबांनी हे मला सांगितलं नाही. तुमच्या बाबाने सांगितलं. आजोबांनी फक्त ते जाकीट दोन दिवस खुंटीवर ठेवलं आणि बस मोजल्या.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी चार वाजता डच संघाशी घरचा सामना होता. त्याच दुपारी मी हळदीकुंकू ठेवलं होतं. (आपल्याकडे इथे सगळे सण शनिवारीच येतात.) पुरुष माणसं रिंकवर, घर मोकळं, म्हणजे उत्तमच. ग्लासगोहून अळूची पानं मागवून मी वड्यांचे उंडे उकडले, जाड चकत्या कापल्या, डब्यात भरल्या आणि गोठवल्या. डबा नंबर अकरा.

शुक्रवारी सकाळी मी फ्रीझर आवरला. सगळे डबे बाहेर काढले, सगळी झाकणं उघडून गरम पाण्याने धुतली, पुसली आणि प्रत्येक झाकणावर सुवाच्य अक्षरात नवं लेबल लावलं. तो तिरका कागद खरवडून टाकला. त्याला रीतसर नंबर दिला, पंधरा.

आजोबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "अगं, झाकणावर कशाला लावतेस? डब्यावर लाव ना."

"अहो, तीस वर्षं मी लेबलंच लावत आले."

"मी आपलं सुचवलं."

"पुलाबद्दल काही असेल तर सुचवा."

ते गेले. मी चौदा अधिक एक अशी पंधरा झाकणं पंधरा एकसारख्या डब्यांवर बसवली. कोणतं कुठे बसलं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

शनिवारी अडीच वाजता आजोबा जाकीट घालून, थंड पिशवीत पंधरा नंबरचा डबा घेऊन निघाले. दारात जरा थबकले. "शालू, आज पिशवी हलकी लागतेय."

"रोज चालायला लागल्यापासून तुमची ताकद वाढलीय," मी म्हणाले.

खूश होऊन गेले बिचारे.

साडेतीनपर्यंत बारा जणी जमल्या. हळदीकुंकू झालं, वाणं दिली आणि मी कढई ठेवली. मदतीला रेवती होती, पुण्याहून नुकतीच आलेली सॉफ्टवेअरवाली, हुशार पोरगी. वाफेने माझा चष्मा धुरकटला होता. अकरा नंबरचा डबा उघडला. आतल्या चकत्यांवर पांढरं हिव धरलेलं. चिमट्याने एक उचलली आणि तेलात सोडली. वडी सरळ तळाशी गेली, आणि कढईतून आवाज आला तो देवळातल्या घंटेसारखा.

"काकू, वडी वर येत नाहीये," रेवती म्हणाली.

"गोठलेली आहे. येईल."

थोडा वेळ गेला. "काकू, वास येतोय."

"हिंग जरा सढळ घातलाय."

"हिंगाचा वास टायरसारखा येतो का?"

मी तिला हिंगाच्या जातींबद्दल सांगणार, इतक्यात छतावरचा स्मोक अलार्म बोंबलू लागला. बाहेरच्या बारा जणी आत आल्या. एकीने खिडकी उघडली, एकीने गॅस बंद केला, एकीने ताटाने अलार्मला वारा घातला. रेवतीने चिमट्याने वडी बाहेर काढली आणि उलटी करून बराच वेळ पाहिली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुमच्या वडीवर शिक्का आहे."

तेवढ्यात फोन वाजला. आजोबा होते. त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"शालू, घरी पक आहेत का?"

"अकरा आहेत," मी म्हणाले.

"आणि बारावा?"

"तो जरा निवायला ठेवलाय."

मग ते म्हणाले, "पंच साडेचारपर्यंत थांबणार आहेत. मॅकीसाहेब इथेच उभे आहेत." आणि फोन ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रेवतीने गाडी काढली. मी नारायणपेठी नेसलेली, पायात बूट, मांडीवर अकरा पकांचा डबा. नियमाप्रमाणे बारा हवेत, म्हणून बारावा पुसून सोबत घेतला होता, पण तो अजून गरम होता. मग काय करणार? खिडकीची काच खाली केली आणि चिमट्यात धरलेला पक बाहेर जानेवारीच्या वाऱ्यात धरून ठेवला. बसस्टॉपवरच्या रांगेने माना वळवून आमच्याकडे पाहिलं. मी मानेनेच नमस्कार केला. लाल दिव्यापाशी शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मी म्हणाले, "हो, फक्त निववतेय." त्यांनी काच वर केली.

चार वाजून बावीस मिनिटांनी आम्ही रिंकवर पोचलो. बर्फाच्या कडेला तीस धिप्पाड पुरुष स्टिकांवर रेलून उभे. मधोमध बेल्जियमचे पंच हातात माझा डबा घेऊन. त्यांनी एक अळूवडी बोटांत धरून तिचे पदर मोजायला घेतले होते. आणि त्यांच्यासमोर तुमचे आजोबा. त्यांनी जाकीट काढून, नीट घडी करून हातावर घेतलं होतं.

"चूक माझीच," ते मिस्टर मॅकींना सांगत होते. "घाईत चुकीचा डबा उचलला. माझ्या पत्नीने सगळं व्यवस्थित ठेवलं होतं."

मी तिथेच थांबले. खरं सांगते मुलांनो, एक क्षण मनात आलं की राहू दे असंच. चौतीस वर्षांच्या संसारात माझी चूक निघाली नव्हती. (निदान मी कबूल केलेली तरी नव्हती.) आणि रेवतीसमोर, तीस परक्या पुरुषांसमोर, तेही इंग्रजीत! पण ते घडी घातलेलं जाकीट मला बघवेना.

मी पुढे झाले. "मिस्टर मॅकी, त्यांनी उचलला तो नंबर बरोबर होता. झाकण चुकीचं होतं. झाकणं मी बदलली. त्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलंही होतं, मी ऐकलं नाही. आणि हा," मी चिमटा पुढे केला, "हा मी तळला."

हेल्मेटच्या जाळीमागून तुमचा बाबा म्हणाला, "आई?"

मिस्टर मॅकींनी चिमट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तळला," ते म्हणाले.

"एकाच बाजूने," मी म्हणाले.

पंचांनी बाराही पक हातात घेऊन मोजले. शेवटचा नाकाशी नेला, पुन्हा नेला. "नियमात तापमान लिहिलंय," ते म्हणाले, "वासाबद्दल काही नाही." आजोबांनी तो पक घेऊन बर्फात दाबून बसवला, बाकीचे अकरा पुढे केले आणि चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी शिट्टी वाजली.

आपण सात विरुद्ध एक असे हरलो. पण रीतसर, बर्फावर खेळून हरलो. अळूवड्या रिंकच्या कॅफेतल्या बाईंनी चिप्सच्या तेलात तळून दिल्या आणि त्या डच खेळाडूंनी उभ्या उभ्या संपवल्या. त्यांच्या कॅप्टनने आजोबांना विचारलं, पुढच्या वेळी चीजऐवजी याच मिळतील का?

जाताना मिस्टर मॅकी आजोबांपाशी आले. जाकिटाची घडी त्यांनी स्वतःच उलगडली आणि आजोबांच्या खांद्यावर टाकली. "साहित्यप्रमुख तुम्हीच," ते ओठ न हलवता म्हणाले. "फक्त पक आता माझ्या घरी गोठतील. माझी बायको तळण करत नाही."

परतताना गाडीत आजोबा जाकीट सारखं करत बसले होते. मीच म्हणाले, "बोला की."

"काय बोलू?"

"ग्रंथालयात नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी काय सांगायचे, माहितेय? नंबर पुस्तकावर घाला, वरच्या कव्हरवर नको. कव्हरं बदलतात."

"असं?" आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "चांगलं सांगायचीस." आणि समोरची बस किती मिनिटं लेट आहे, ते त्यांनी मला सांगितलं.

तो बारावा पक क्लबने मला भेट दिला. आत्ता लिहिताना कागद उडू नयेत म्हणून तोच वर ठेवलाय. पावसाळी हवेत अजून त्याला तेलाचा वास येतो. त्याच्या अंगावर आजोबांनी त्याच दिवशी एक लेबल लावलं, पाकिटाच्या फाटक्या कागदाचं, तिरकं. इतक्या वर्षांत मी ते सरळ केलेलं नाही. त्यावर लिहिलंय, "पक. तळू नये."