आवाज नसलेले मोर्चे

खराडीच्या ऑफिसात मी जवळजवळ वर्षभर परक्या देशांतले जुने मोर्चे बघितले. बातम्यांसाठी काढलेल्या जुन्या चित्रफिती युरोपातल्या एका संग्रहालयाने आमच्या कंपनीकडे पाठवल्या होत्या. त्यांना आवाज नव्हता. प्रत्येक तुकडा बघायचा आणि दिसेल ते लिहायचं: फलक, घोड्यावरचे पोलीस, पळणारी माणसं. कुठे युद्धाविरुद्ध, कुठे अणुबॉम्बविरुद्ध. हजारो तोंडं घोषणा द्यायची आणि ऐकू यायचा तो फक्त एसी.

हळूहळू त्यातली एक बाई ओळखीची वाटायला लागली. चौकड्यांचा कोट, पुढच्या दातांत फट. तिच्याबरोबर नेहमी तोच उंच, दाढीवाला माणूस असायचा. थंडीत तो तिच्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळायचा. पुढच्या फितींत त्याच्या खांद्यावर एक लहान मुलगी दिसायला लागली. मला तिघांचा लळाच लागला. नारायण पेठेत घरी पोचले की नवरा विचारायचा, तुझी तिकडची मंडळी काय म्हणतात?

मग ती फीत आली. लष्करी तळाच्या कुंपणापाशी बायका जमिनीवर बसल्या होत्या आणि पोलीस त्यांना उचलून गाडीत टाकत होते. पोलिसांच्या रांगेमागे तो उभा होता. दाढी काढलेली, केस कापलेले. एका अधिकाऱ्याने त्याची सिगरेट पेटवून दिली, दोघं हसले. तो त्यांचाच माणूस होता, बहुधा पहिल्यापासून. तेवढ्यात दोन पोलीस तिला धरून समोरून नेऊ लागले. तिने त्याला पाहिलं आणि तिची धडपड एकदम थांबली. तिचे ओठ दोनदा सारखेच हलले. तिने नाव घेतलं असावं. तेही त्याचं खरं नाव नसणार. त्याने मान फिरवली.

मी वर्णनात लिहिलं, ‘ती त्याला ओळखते.’ आमच्या टीमच्या प्रमुखांनी ते वाक्य काढलं.

“मॅडम, दिसतं तेवढंच लिहायचं. ओळख दिसत नाही.”

“सर, आपण एकदा बघा.”

त्यांनी बघितलं. मग खुर्ची ओढून जुन्या फितींपासून सगळं परत बघितलं. वाक्य मात्र परत घातलं नाही.

संग्रहालयाला मी विचारलं. त्या माणसांची नावं आमच्याकडे नाहीत, असं उत्तर आलं. पुढे काम संपलं, फिती आमच्यासाठी बंद झाल्या. ती मुलगी आता माझ्याहून मोठी असेल. बाबा कुठे गेले, हे तिला कोणी काय सांगितलं असेल, हा विचार बसमध्ये, भाजी निवडताना, कधीही येतो.

हल्ली नवरा ऑफिसातलं काही सांगत असला की मी ऐकत नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते. परवा तो मध्येच थांबला.

“काय गं, काय झालं?”

काही नाही, म्हटलं. तो पुढे सांगू लागला.