फुकटच्या सॉफ्टवेअरचा तगादा थेट सासूबाईंकडे

परवा सकाळी सासूबाई भजनी मंडळातून परत आल्या त्या तणतणतच. चपला काढायच्या आधीच मला म्हणाल्या, "काऊन वो रेणू, लोकायचं काम अडवून बसली म्हणते तू?"

विचारल्यावर कळलं की सिंदी मेघेच्या एका मावशींनी सगळ्या बायकांसमोर त्यांना ऐकवलं होतं... तुमची सून माझ्या भाच्याचं काम करून नाई राह्यली म्हणून.

आता हा भाचा कोण ते सांगते. नोकरी सांभाळून मी एक छोटं सॉफ्टवेअर चालवते. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइल्स ते युनिकोडमध्ये बदलून देतं, म्हणजे मोबाइलवर नीट वाचता येतात. ओपन सोर्स आहे... कोणीही वापरा, कोणीही दुरुस्त करा, एक पैसा नाही. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या आमच्या घरी रविवारची जेवणं आटोपली की चालणारा उद्योग आहे हा.

पुण्याच्या या भाचेबुवांची एक फाइल त्यात बिघडत होती. त्यांनी तक्रार लिहिली, मी लगेच उत्तर दिलं की फाइलचा नमुना पाठवा, त्याशिवाय चूक सापडणार नाही. नमुना आलाच नाही. आलं काय, तर "एनी अपडेट?" दुसऱ्या दिवशी पुन्हा "एनी अपडेट?" मग ईमेल. मग ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा लोकांना टॅग करून "हा प्रोजेक्ट मेला का?"

अहो, मेला काय! जिवंत माणसं बसलीत इकडे!

एवढ्यानेही भागलं नाही म्हणून पठ्ठ्याने माझ्या प्रोफाइलवर वर्धा वाचलं आणि मावशीला कामाला लावलं. आपल्याकडे दाखला असो की सोयरीक, ओळख काढल्याशिवाय काही हलत नाही, मान्य. पण म्हणून माझ्या सासूला मध्ये घ्यायचं? तळपायाची आग मस्तकात गेली. लॅपटॉप उघडला... प्रोजेक्ट कायमचा बंदच करून टाकते म्हटलं. बटणापर्यंत पोहोचलेही होते.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना वाटत होतं, मी पगार घेऊन काम टाळतेय. सगळं फुकट आहे, हे मी त्यांना सांगितलं. आणि मी मागितलेला नमुना त्याने दिलाच नाही, हे ऐकल्यावर त्यांनी सरळ मावशींना फोन लावला.

"बाई, महाप्रसादाच्या पंगतीले उशीर होऊन राह्यला तं आपण काय करतो? आत जाऊन पुऱ्या लाटू लागतो. का आचाऱ्याच्या सासूकडे गाऱ्हाणं घेऊन जातो? तुमच्या भाच्याले म्हणा, पोरीनं जे मांगितलं ते पह्यले दे."

फोन ठेवला आणि मलाही एक बसली. "अन् तू काऊन बंद करून राह्यली? बाकीचे जेवून राह्यले नं!"

मी बटणावरून बोट काढलं.

संध्याकाळी नमुना आला. सॉरी वगैरे काही नाही, पण कोणत्या पानावर काय बिघडतं ते नीट लिहिलं होतं. चूक अर्ध्या तासात सापडली. तशा प्रकारच्या सगळ्याच फाइल्स बिघडत होत्या, आता होत नाहीत.

राग पूर्ण गेलाय असं नाही, खोटं कशाला बोलू. आठवण जरूर करून द्या, आम्हीही माणसं आहोत, विसरतो. पण आधी आम्ही काय मागितलंय ते वाचा, थोडे दिवस जाऊ द्या, आणि पुन्हा याल तेव्हा काहीतरी माहिती घेऊन या. जमणार नाही म्हटलं तर तेही उत्तरच आहे.

आणि घरच्यांना सोडा हो. माझ्या सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून प्रोजेक्ट वाचला... सगळ्यांच्याच सासूबाई राहतील असं नाही.