मर्लची लाल रिबन

कुणाला नणंदेच्या दागिन्यांचा हेवा वाटतो, कुणाला घराचा. मर्ल क्लेम्केला नणंदेच्या मेलेल्या माणसांचा हेवा वाटायचा. तोही आजकालचा नाही, चाळीस वर्षांचा.

नणंद इर्मगार्ड, पोरांची टान्टे, म्हणजे आत्या. तिनं लग्न केलं नाही, तनुंदा गावच्या पोस्टात नोकरी केली आणि उरलेला जीव पूर्वज शोधण्यात घातला. मूळपुरुष गॉटफ्रीड क्लेम्के, जर्मन मुलखातल्या सायलेशियातला हातमागवाला, धर्मासाठी बायकोमुलांना घेऊन इकडे यायला जहाजात बसला, हे ती अशा थाटात सांगे की त्याला बंदरावर पोचवायला जणू हीच गेली होती.

"धर्मासाठी कसला डोंबलाचा! भाकरीसाठी आला असेल," मर्ल नवऱ्यापाशी धुसफुसे.

"इर्मासमोर बोल की हे," कॉलिन म्हणे. तेवढी छाती मर्लची नव्हती.

तिचं माहेर टर्नर. खापरपणजोबा विल्यम इंग्लंडातून, स्टॅफर्डशरहून आला, उत्तरेकडच्या तांब्याच्या खाणीत राबला आणि ओढ्याच्या काठात बीळ खोदून त्यात त्यानं संसार केला. त्याच्या मागचं काही केल्या सापडेना. विल्यम टर्नर नावाचे मजूर तिकडे पैशाला पासरी, त्यातला आपला कुठला? जर्मन चर्चची दफ्तरं चोख, म्हणून इर्मगार्ड सात पिढ्या मागे जाऊन बसलेली. मर्ल मात्र त्या बिळाच्या तोंडाशीच अडली होती.

त्यात दर दहा वर्षांनी क्लेम्क्यांचा मेळावा भरे. गॉटफ्रीडच्या प्रत्येक मुलाच्या शाखेला एकेक रंग, आणि तो रंग छातीवर लावून लोक हिंडत. कॉलिन, इर्मगार्ड, मर्लची मुलं, नातवंडं, सगळी हिरवी. लग्न करून आलेल्यांना पांढरी रिबन. फोटोच्या वेळी पांढऱ्यांनी बाजूला व्हायचं आणि हिरव्यांच्या पर्सा सांभाळायच्या. तीन मेळावे मर्लनं पर्सा सांभाळल्या होत्या आणि आतल्या आत जळून कोळसा झाली होती. स्वतःच्या पोटची पोरं समोर ओळीत उभी, आणि आपण परक्या!

या खेपेला तिनं दुकानातून लाल रिबन आणली आणि चर्चच्या हॉलमध्ये शिरतानाच छातीवर टाचली.

"लाल कुठल्या मुलाची शाखा गं?" केक कापणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं.

"विल्यम टर्नरची. खाणमजूर होता, बिळात राहायचा," मर्ल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

नातवंडांना तर हे फारच आवडलं. बिळात राहणारा आजोबा विणकरापेक्षा केव्हाही भारी. "आम्हाला पण लाल!" म्हणून त्यांनी धोशा लावला आणि बघता बघता पाचही पोरांच्या छातीवर हिरव्याशेजारी लाल झळकली. इर्मगार्डचा चेहरा पडला.

"हा क्लेम्क्यांचा मेळावा आहे, मर्ल. जत्रा नाही."

"अर्धी माझ्याकडची आहेत ती, इर्मगार्ड. आभाळातून नाही पडली."

मर्लला इतका आनंद झाला की तिनं केकचा दुसरा तुकडा घेतला.

मग फोटोवाल्यानं हिरव्यांना बोलावलं. मर्ल सवयीनं पर्सा घेऊन बाजूला झाली. "आपापली पोरं जवळ घ्या, म्हणजे सगळी मावतील!" फोटोवाला ओरडला. एकच गडबड उडाली. कुणी पोर मांडीवर ओढलं, कुणी कडेवर घेतलं. पुढच्या ओळीत, अगदी मधोमध, मानाच्या खुर्चीवर इर्मगार्ड बसली होती. सात पिढ्यांची मेलेली माणसं नावानिशी ओळखणारी ती बाई रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळून गुडघ्यांवरून फिरवत होती.

तिनं मान वळवून मर्लकडे पाहिलं.

"तुझ्या पोरांतलं एखादं दे ना इकडे," ती हळूच म्हणाली.

चाळीस वर्षांत तिनं मर्लकडे काही मागितलं नव्हतं. मर्लला द्यावंसं वाटेना, हे खरं. मग तिनं शेजारी घुटमळणाऱ्या धाकट्या नातीला, टिलीला, पुढे ढकललं. "जा, टान्टे इर्मगार्डच्या मांडीवर बस."

पोर पळत गेली, मांडीवर चढली आणि इर्मगार्डच्या गळ्यात हात घालून अशी विसावली की पर्सा हातात घेऊन उभ्या असलेल्या मर्लला पुन्हा नणंदेचा हेवा वाटला.