व्हिक्टोरियन पेपर आणि रोवणी

एम.ए. इंग्रजीच्या व्हिक्टोरियन पेपरात मी दोनदा नापास झाले. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातले सर म्हणायचे, "त्या काळी नीतीला फार महत्त्व होतं." बाबांना नीतीशी घेणंदेणं नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं, "ह्या खेपेस पास निघालीस तं ठीक, नाई तं फॉर्म भरणं बंद. घरी बस."

अभ्यासाला म्हणून कुरखेड्याकडच्या आमच्या गावी आले, आणि आईनं दुसऱ्याच दिवशी रोवणीला उभं केलं. धान लावताना बाया गाणी म्हणतात. माझा गळा फाटका, म्हणून मी पेपरातली कादंबरी सांगू लागले. तेवढीच उजळणी. इंग्लंडातली गरीब पोरगी, मालकाच्या पोरानं फसवलेली, पदरात मूल. शेवटी ती थंडीत मरते, असं सांगितलं आणि अख्खी ओळ थांबली.

"काऊन मारलं तिले?" शेजारच्या घरची मावशी म्हणाली.

"मी नाई मारलं, लेखकानं मारलं. त्या काळी तसंच चालायचं."

"अन् त्या पोट्ट्याचं?"

"त्याचं लग्न झालं."

"वा रे वा!" मावशीनं हातातली रोपांची जुडी चिखलात आपटली. तिची मुलगी सातवीत होती. मुलीच्या बापाचं नाव गावाला ठाऊक होतं, शाळेच्या दाखल्यावर तेवढं नव्हतं. दुपारी जेवताना माझ्याशी कोणी बोललं नाही. मला संताप आला. मी काय लंडनची आहे?

दुसऱ्या दिवशी मी शेवट बदलला. पोरगी जगली, तिनं खानावळ काढली, लेकराला शाळेत घातलं. रोवणी संपेपर्यंत हाच शेवट रोज सांगावा लागला.

हिवाळी परीक्षेत नेमका त्या पोरीवरच प्रश्न आला. मी खानावळ लिहिली आणि नापास झाले. सर म्हणाले, "घोळ झाला तुझा." मी हो म्हटलं. बाबांनी पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. मी दोन दिवस रडले.

तिसऱ्या दिवशी मावशी आली. माझ्याजवळ बसली.

"खरा शेवट आठवला नाई काय वं तुले?"

"आठवला होता."

"मंग मारून टाकाची होती तिले. कागदावरच तं होती."

"नाई जमलं," मी म्हटलं.