जाकीट कुणाच्या अंगावर

बाईंच्या नाकावरच राग असतो, हे अग्निशमन केंद्रात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. उलट उत्तर दिलेलं त्यांना चालतं, पण एक जण बोलत असताना दुसऱ्याने तोंड घातलेलं चालत नाही, हेही सांगितलं जायचं. पाठीमागे सगळे त्यांना 'करवत' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

या रागाला कारण होतं. बाई साध्या जवान असताना कापडबाजाराला आग लागली होती. तिथे पाच साहेब जमले आणि पाचही जण हुकूम सोडत सुटले. एकाने पुढून पाणी मारायला लावलं, दुसऱ्याने मागून. पुढच्या पाण्याने रेटलेली आग मागच्या जवानांच्या अंगावर गेली. बाईंच्या भुवया तेव्हा जळाल्या त्या पुन्हा धड उगवल्याच नाहीत. रोज सकाळी आरशासमोर पेन्सिलीने भुवया रेखताना बाई त्या पाचही साहेबांचा उद्धार करत.

केंद्राच्या प्रमुख झाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी एक जाकीट शिवून घेतलं. नवरा शिंपी. त्याने जाडजूड पिवळ्या कापडाचं जाकीट बेतलं आणि वर विचारलं, की घरातही हे घालूनच वावरणार का, म्हणजे मला माझी जागा कळेल. ती तुला लग्नापासून कळलेली आहे, असं बाईंनी त्याला सांगितलं. जाकिटाच्या छातीवर खिसा होता आणि त्या खिशात वायरलेस. मोठ्या आगीत ज्याच्या अंगावर जाकीट, त्याचाच हुकूम. आतले जवान त्यालाच विचारणार, तोच उत्तर देणार, बाकीच्यांनी मूग गिळून बसायचं. एकदा बंबाच्या ड्रायव्हरकाकांनी मध्येच वायरलेसवर 'सांभाळून रे' म्हटलं. भल्या मनानेच म्हटलं, तरी बाईंनी त्यांना सगळ्यांदेखत असं झापलं की काका कितीतरी दिवस घुश्शात होते. त्यानंतर मात्र नियम मोडायची कुणाची छाती झाली नाही.

रंगाच्या गोदामांना आग लागली ती भर दुपारी. बघता बघता एका गोदामाची तीन झाली. शेजारच्या गावांतले बंब आले, पोलीस आले, रुग्णवाहिका आल्या, वीजवाले आले, आणि बघे तर सगळ्यांच्या आधीच आले होते. बाई जाकीट घालून चौकात बंबाच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी वीज तोडायला लावली, बघ्यांना दोरीमागे रेटलं, रुग्णवाहिकांची वाट मोकळी ठेवली. खरी भीती शेवटच्या गोदामाची होती. तिथे थिनरची पिंपं रचलेली, आणि त्याच्या भिंतीला लागून कामगारांची वस्ती. ती पिंपं थंड ठेवायला बाईंनी लांब्याला आत पाठवलं. लांब्या म्हणजे केंद्रातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात शांत माणूस. सोबत त्याचा जोडीदार होता. वस्ती रिकामी होईपर्यंत पिंपांवरचं पाणी थांबवायचं नाही, झाली की मी सांगते, मग एक क्षणही थांबू नका, असं बाईंनी दोघांना बजावलं.

पोलिसांनी वस्ती रिकामी केली. हवालदार धापा टाकत येऊन तसं सांगून गेला. बाई वायरलेसला हात घालणार, तोच मोठ्या साहेबांची गाडी येऊन थांबली.

मोठे साहेब म्हणजे साऱ्या दलाचे प्रमुख. शर्ट परीटघडीचा, बुटांवर धुळीचा कण नाही, आणि मागे कॅमेरेवाल्यांची गाडी. ते उतरले, बाईंकडे बघून हसले आणि 'ते जाकीट द्या जरा' म्हणाले. बाईंनी काढून दिलं. उलट त्यांना हायसंच वाटलं, कारण एवढा मोठा माणूस स्वतःहून जबाबदारी अंगावर घेतोय, असा त्या भोळ्या बाईचा समज झाला. वस्ती रिकामी आहे, लांब्याला आधी बाहेर बोलवा, असं त्यांनी घाईघाईने सांगितलं. साहेब बटणं लावता लावता 'हो हो' म्हणाले. मग ते धुराकडे पाठ करून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि परिस्थितीवर आपलं बारीक लक्ष असल्याचं सांगू लागले. मध्येच छातीवरच्या खिशातून खरखर यायला लागली, तेव्हा त्यांनी दोन बोटांनी खटका फिरवून आवाज बंद करून टाकला.

ती खरखर म्हणजे लांब्या होता.

बाईंना तो ऐकू आला तो ड्रायव्हरकाकांच्या बंबातल्या वायरलेसवर. "बाई, वरची तुळई वाकतेय. वस्ती रिकामी झाली का? झाली असेल तर निघतो." उत्तर गेलं नाही. त्याने पुन्हा तेच विचारलं, त्याच शांत आवाजात. काकांनी वायरलेस बाईंपुढे धरला. बाईंनी तो घेतला नाही. जाकीट साहेबांच्या अंगावर होतं, आणि दोन तोंडांनी हुकूम सुटले की काय होतं हे बाईंइतकं कुणाला माहीत होतं? त्या साहेबांकडे धावल्या. साहेबांच्या सहायकाने हात आडवा घातला आणि साहेब बोलतायत, असं देवळात बोलावं तसं हळूच सांगितलं. बाईंनी त्याला बाजूला लोटलं आणि साहेबांचा दंड धरला. साहेब कॅमेऱ्याकडे बघत हसतच 'एकच मिनिट' म्हणाले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच माघारी धावल्या, काकांच्या हातातला वायरलेस हिसकावला आणि ओरडल्या, "लांब्या, वस्ती रिकामी आहे. पाइप टाक आणि बाहेर ये."

जोडीदार बाहेर आला. लांब्या त्याला पुढे काढून दारापर्यंत पोचला होता, तेवढ्यात तुळई खाली आली. त्याला जिवंत काढलं, पण डावा पाय गुडघ्यापासून गेला.

कुणालाही चीड यावी अशीच ही गोष्ट आहे. लांब्या रिकाम्या घरांची राखण करत होता. त्या वस्तीत मांजरसुद्धा उरलं नव्हतं. हे हवालदाराला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, साहेबांना माहीत होतं. ज्याला कळायला हवं होतं, त्यालाच कुणी वेळेवर सांगितलं नाही.

संध्याकाळी बातम्यांत पिवळ्या जाकिटातले साहेब दिसले. नवऱ्याने उठून टीव्ही बंद केला. बाई जेवल्या नाहीत. त्यांनी साहेबांना ज्या शिव्या घातल्या, तशा त्या घराच्या भिंतींनी आजवर ऐकल्या नव्हत्या. नवऱ्याने त्यांना अडवलं नाही, फक्त खिडक्या लावून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात लांब्या औषधाच्या गुंगीत पडून होता. त्याची बायको स्टुलावर बसली होती, बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. तेवढ्यात मोठे साहेब फुलांचा भलामोठा गुच्छ घेऊन आले. लांब्याच्या शौर्याबद्दल ते बरंच बोलले. त्याला वेळेवर का बोलावलं नाही, असं बायकोने विचारल्यावर त्यांनी सारवासारव सुरू केली. वायरलेस ऐन वेळी बिघडला, अशा गोष्टी कुणाच्या हातात नसतात, असं म्हणाले.

"वायरलेस चालत होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याचा आवाज बंद केलात, साहेब. कॅमेऱ्यासाठी केलात. तो तुमच्या छातीवर बोलत होता आणि तुम्ही त्याचं तोंड दाबलंत."

साहेबांचा चेहरा उतरला. आपण बाहेर बोलू, असं ते म्हणाले. बाई जागच्या हलल्या नाहीत. चौकशीत हेच सांगणार, नोकरी गेली तरी सांगणार, आणि ते जाकीट मला परत पाठवू नका, तुम्हालाच शोभतं, असं सगळं त्या तोंडावर बोलल्या. साहेबांनी गुच्छ खाटेच्या पायथ्याशी ठेवला आणि काढता पाय घेतला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच बाईंना मोकळा श्वास घेता आला.

"ते आतून बोलत होते हे तुम्हाला कसं कळलं?" बायकोने विचारलं.

काकांच्या बंबात ऐकू येत होतं, असं बाईंनी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही ऐकलंत."

"हो."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

बाई सांगायला लागल्या. जाकिटाचा नियम सांगितला, एकाच तोंडाने हुकूम जायला हवा हे सांगितलं, कापडबाजारापर्यंत पोचल्या आणि अर्ध्या वाक्यात थांबल्या. त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना.

"शुद्धीवर आले की सारखं एकच म्हणतात," बायको म्हणाली. "बाईंना विचारलंय, बाई सांगतील. जाकीट कुणी घातलं हे त्यांना आत कुठून कळणार होतं? त्यांनी साहेबांना विचारलंच नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं."

बायको उठली. तिने साहेबांनी ठेवलेला गुच्छ उचलला आणि बाईंच्या हातात दिला.

"जाताना हाही घेऊन जा," ती म्हणाली.