विणलेल्या दोऱ्यानं बाबांचं बोट कापलं

मंडळी, दवाखान्यातून आत्ताच आलो.

नागभीडजवळ आमच्या तलावात शेवाळ फार. गळाला लागलेली मरळ शेवाळात शिरली, की गळाची नायलॉनची तंगूस तुटते. म्हणून मी नागपूरहून विणलेला दोरा आणला. गळ लांब जातो, दोरा तुटत नाई.

आज मोठी मरळ लागली आणि कमळाच्या वेलींत अडकली. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले, दोरा हाताला गुंडाळून ओढू लागले. मासा उसळला आणि दोरा बोटात रुतला. पाणी लाल झालं.

"अरे, तोड ना!" बाबा ओरडले. मी दातांनी तोडून पाह्यला, तुटेना. तलावाच्या पाळीवर गवत कापणारी बाई विळा घेऊन पाण्यात धावली. "भाऊ, हात हलवू नका!" म्हणत तिनं दोरा कापला.

पाच टाके पडले. बोट हलते का, ते उद्या कळेल. बाबा म्हणतात, "दोरा बेस हाय, चूक माही."

चूक माझी आहे. हाताला गुंडाळू नका, असं दुकानदारानं मले बजावलं होतं. मी बाबांना सांगितलंच नाई.

अडकलेला दोरा तुम्ही कशानं ओढता? घरच्यांना आधी सांगता का?